तीन मिनिटांची तबकडी आणि शुक्रवारचं सिंगल



आजचा विषय मझौलीहून आलाय. मझौली म्हणजे मध्य प्रदेशातल्या जबलपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, सिहोऱ्याजवळचं. विष्णुवराहाच्या प्राचीन मंदिरासाठी ते ओळखलं जातं. तिथल्या एका काकांचं पत्र आहे. घर मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच. त्यांची पुतणी गाते. पॉप म्हणावं असं गाते, थोडं सोलच्या वळणाचं, आणि गाते मराठीत. येत्या शुक्रवारी तिचं पहिलं गाणं सगळ्या ॲपवर येणार आहे. एकच गाणं. काका विचारतात : ‘एकच गाणं काढतात का कधी? आमच्या वेळी कॅसेट निघायची, दोन्ही बाजू भरून आठ-दहा गाणी असायची. एका गाण्यावर माणूस कलाकार कसा ठरणार?’

काका, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण इतिहास उलटा आहे. कॅसेटचा आणि अल्बमचा काळ हाच मधला अपवाद होता. आपल्याकडे ध्वनिमुद्रित संगीत सुरू झालं ते एकेका गाण्यानं, आणि मराठीत ज्याला आपण भावगीत म्हणतो ते तर जवळजवळ सिंगल म्हणूनच जन्माला आलं. तेही तुमच्याच प्रांतात. ‘तुमच्याच’ का म्हणतोय ते पुढे येईल.

सुरुवात १९०२ पासून करू. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आले आणि नोव्हेंबर महिन्यात त्यांनी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा भिंतीतून बाहेर आलेला असायचा, गायकानं त्यात तोंड घालून मोठ्यानं गायचं आणि त्या आवाजाच्या धक्क्यानं पलीकडची सुई मेणावर रेघ कोरायची. ही मेणाची तबकडी बोटीनं जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायची, तिथे छाप तयार व्हायचा आणि छापलेल्या तबकड्या पुन्हा बोटीनं इकडे यायच्या. हॅनोव्हरच्या कारागिरांना ठुमरी कुठली आणि ख्याल कुठला हे काय कळणार? म्हणून गाणं संपलं की गायक आपलं नाव मोठ्यानं सांगायचा. जुन्या रेकॉर्डच्या शेवटी येणारी ती आरोळी म्हणजे खरं तर पार्सलवरचा पत्ता होता. लोकांना वाटलं की ती ऐट आहे, आणि पुढे ती ऐटही झाली. १९०८ मध्ये कलकत्त्याजवळ सियालदाह इथे कारखाना निघाला आणि हा बोटीचा प्रवास थांबला.

आता वेळेचं गणित पाहा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटं मावत. सव्वातीन म्हणा. ही मर्यादा कोणत्याही संगीतकारानं ठरवलेली नाही. तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्या घेणार, रेघ एवढी रुंद असणार, मग जागा तेवढीच उरते. मराठी नाटकात त्या काळी एकेक पद ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ घेत पाव-पाव तास चालायचं. तेच पद तबकडीवर आलं की नटाला आलापाचा मोह आवरून मुखडा, अंतरा, दोन ताना आणि शेवट एवढ्यात काम उरकावं लागे. बालगंधर्वांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या, पण त्या ऐकताना मला नेहमी वाटतं की हे तिकिटाचं अर्धं गाणं आहे. रंगभूमीवरून कापून आणलेलं. तबकडीसाठीच जन्मलेलं गाणं अजून यायचं होतं.

ते यायला एक यंत्र आडवं आलं होतं, आणि एका यंत्रानंच वाट मोकळी केली. १९२५ नंतर जगभर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, म्हणजे मायक्रोफोन आला, आणि थोड्याच काळात तो आपल्याकडेही पोचला. कर्ण्यासमोर ओरडावं लागत होतं, तसंच विजेच्या कर्ण्याशिवायच्या थिएटरात पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकावा लागत होता. मायक्रोफोननं ते ओझं उतरवलं. आता कुजबुजलं तरी ऐकू जाणार होतं. अमेरिकेत यातूनच हळुवार गाणाऱ्या गायकांची एक पिढी निघाली. मराठीत भावगीत निघालं. भावगीताचा इतिहास सांगताना आपण कवींची नावं घेतो, रविकिरण मंडळाबद्दल बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण माझं मत असं की भावगीत हे तीन मिनिटांच्या तबकडीचं आणि मायक्रोफोनचं अपत्य आहे. एका माणसाची एक मनःस्थिती, तीन-चार कडवी, कानाशी बोलल्यासारखा आवाज. तबकडीवर याहून चपखल बसणारं दुसरं काय असू शकतं?

आता तुमच्या प्रांताकडे येतो. जबलपूर आणि मराठी हे नातं आजचं नाही. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला ताब्यात घेतलं, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७-१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत केला आणि त्याची राजधानी नागपूर ठरवली. १९०३ मध्ये कारभारासाठी वऱ्हाडही त्याला जोडला. म्हणजे १९३० च्या आसपास मझौली आणि बुलढाणा जिल्ह्यातलं मेहकर एकाच प्रांतात होतं, ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाच्या. कागदपत्रं दोघांचीही नागपूरलाच जायची.

त्या मेहकरात नागोराव घनश्याम देशपांडे नावाचे कवी होते. आपण त्यांना ना. घ. देशपांडे म्हणून ओळखतो. जन्म १९०९ चा. व्यवसाय वकिलीचा. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळापासून दूर, आणि आयुष्यभर ते दूरच राहिले. त्यांनी ऐन तारुण्यात ‘शीळ’ नावाची कविता लिहिली. रानातून जाणाऱ्या शिळेची आणि ती ऐकून कासावीस होणाऱ्या मनाची कविता. ती एका विदर्भातल्याच तरुणाला भावली. त्यांचं नाव जी. एन. जोशी. तेही जवळपास त्याच वयाचे, कायद्याचा अभ्यास केलेले, आणि गाण्याचं वेड असलेले. जोशींनी त्या कवितेला चाल दिली, मित्रमंडळींत ती गायली, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीनं ती तबकडीवर आणली. गाणं महाराष्ट्रभर गाजलं. मराठीतली पहिली भावगीताची तबकडी म्हणून अनेकजण आजही तिच्याकडेच बोट दाखवतात.

इथे थोडं थांबू या. नाटकात नाव नाही, सिनेमात नाव नाही, मागे घराणं नाही. विशी-बाविशीतला कवी, त्याच वयाचा गायक, आणि एकच गाणं. आजच्या भाषेत याला ‘नवोदित कलाकाराचं पहिलं सिंगल’ म्हणतील. आणि ना. घं.चा पहिला कवितासंग्रह कधी आला? १९५४ मध्ये. त्याचं नावही ‘शीळ’. म्हणजे गाणं लोकांच्या ओठावर बसल्यानंतर वीसेक वर्षांनी पुस्तक निघालं. काका, तुमच्या हिशेबात सांगायचं तर सिंगल आधी आणि अल्बम वीस वर्षांनी! पुढे १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण अर्धा महाराष्ट्र त्यांना ओळखत होता तो त्या तीन मिनिटांमुळे.

जी. एन. जोशींनी त्यानंतर बरीच गाणी गायली. गंगूबाई हनगल तेव्हा ‘गांधारी’ या नावानं तबकड्यांवर यायच्या, त्यांच्याबरोबरचं जोशींचं युगुलगीतही गाजलं. मग वकिली बाजूला राहिली आणि जोशी एचएमव्हीतच दाखल झाले. पुढची कित्येक वर्षं मोठमोठ्या गवयांना स्टुडिओत आणून बसवण्याचं काम त्यांनी केलं. त्या आठवणींचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. तीन मिनिटांत राग बसवायचा म्हटल्यावर उस्तादांची काय अवस्था व्हायची, हे काचेपलीकडच्या माणसाकडून कळतं.

हे झालं गाण्याचं. आता तबकडीचं. ती कशाची बनायची?

लाखेची. इंग्रजीत शेलॅक म्हणतात, व्यापारात आपल्याकडे चपडा. पळस, बोर आणि कुसुंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच करतात. ती फांदी तोडायची, कवच खरवडायचं, कुटायचं, धुवायचं. धुतलेले दाणे कापडाच्या लांब पिशवीत भरून निखाऱ्यासमोर धरायचे आणि पिशवी पिळत जायची. वितळलेली लाख बाहेर येते. ती गरम असतानाच ताणून पापडासारखी पातळ करायची. थंड झाली की तिचे तुकडे म्हणजे चपडा. यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू मिसळले की तबकडीचं पीठ तयार. लाख उष्णतेनं मऊ होते म्हणून छापाची प्रत्येक बारीक रेघ पकडते, आणि थंड झाली की कडक होते म्हणून सुईखाली टिकते. दगडाची पूड कशाला? पोलादी सुईचं टोक घासून रेघेच्या मापाचं व्हावं म्हणून. त्या रेकॉर्डची जी खरखर आपल्याला आज इतकी हळवी करते, तिच्यात या पुडीचा मोठा हात आहे.

जगाला लागणारी बहुतेक लाख हिंदुस्थानातून जायची, आणि ती यायची छोटा नागपूर, छत्तीसगड, महाकोशल अशा मध्य भारताच्या जंगलपट्ट्यातून. मंडला, सिवनी, बालाघाट हे जबलपूरच्या बाजूच्या पट्ट्यातले जिल्हे आजही लाख पिकवतात, आणि जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात लाखेच्या लागवडीवर काम चालतं. रांचीजवळ नामकुम इथे १९२४ मध्ये इंग्रजांनी लाखेसाठी खास संशोधन संस्था काढली होती, एवढं या किड्याला महत्त्व होतं. दुसऱ्या महायुद्धात तर कमालच झाली. लाख युद्धसामग्रीला लागते आणि हिंदुस्थानातून बोटी येणं अवघड झालं, म्हणून अमेरिकेनं १९४२ मध्ये रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर मोठी कपात लादली. जुन्या रेकॉर्डी परत आणा, वितळवू आणि मग नवीन देऊ, अशी वेळ आली. न्यूयॉर्कमधल्या एखाद्या नव्या गायकाचं गाणं निघणार की नाही हे पळसाच्या फांदीवर अवलंबून होतं!

आणि या व्यवहारात लाख गोळा करणाऱ्या गोंड-बैगा बायाबापड्यांच्या घरी फोनो होता का? नव्हता. ते गात होते ती करमा-ददरियाची गाणी, आणि ती तबकडीत मावणारी नव्हती, रात्रभर चालणारी होती. कच्चा माल जंगलाचा, आवाज शहराचा, नफा परक्या कंपनीचा. ही विभागणी ध्यानात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत येऊ.

जबलपूरला १८६७ मध्ये अलाहाबादकडून रेल्वे आली आणि १८७० मध्ये मुंबईकडून आलेली लाइन तिथे जोडली गेली. मुंबई ते कलकत्ता हा सलग रेल्वेमार्ग जबलपूरलाच पुरा झाला. सिहोरा याच मार्गावर आहे. म्हणजे मालगाडीनं लाख एका दिशेला जाणार आणि तिच्याच तबकड्या दुसऱ्या दिशेनं येणार, याची सोय झालेलीच होती.

आता थोडी उडी मारतो, कारण मधली वर्षं आपण मागच्या भागांत पाहिली आहेत. गजाननराव वाटवे, ज्योत्स्ना भोळे वगैरे. थेट रेडिओकडे येऊ.

सध्या जगभर नवं गाणं शुक्रवारी प्रदर्शित होतं. ही पद्धत जुलै २०१५ मध्ये रेकॉर्ड कंपन्यांनी सुरू केली. त्याआधी ब्रिटनचा वार सोमवार होता, अमेरिकेचा मंगळवार. पण आपल्याकडे साठ वर्षं आधी एक मोठी घटना शुक्रवारी सुरू झाली होती. १ एप्रिल १९५५, रामनवमी, वार शुक्रवार. आकाशवाणी पुणे केंद्रावर गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं. पुणे केंद्र तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. दर आठवड्याला एक नवं गाणं, शुक्रवारी सकाळी, आणि शनिवार-रविवारी त्याचीच पुनरावृत्ती. वर्षभर. बेत बावन्न गाण्यांचा होता, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गाणी छप्पन्न झाली. लोक आठवडाभर वाट पाहायचे, वर्तमानपत्रांत शब्द छापून यायचे. आजचे तज्ज्ञ सल्ला देतात ना, की बारा गाणी एकदम टाकू नका, एकेक सोडा, ऐकणाऱ्याला सवय लागू द्या? त्यांनी पुणे केंद्राचं ते वर्ष पाहावं. अर्थात माडगूळकर-फडके तेव्हा नवोदित नव्हते, हे मान्य. आणि सरकारी केंद्रानं जागा दिली होती, हेही विसरायचं नाही. नागपूर केंद्र १९४८ पासून होतं, पण मध्य भारतातल्या मराठी घरांत गीतरामायण पोचलं ते जास्त करून पुस्तकानं, तबकड्यांनी आणि पुढे बाबूजींच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांनी.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी गायकाचं उदाहरण हवं असेल तर अरुण दाते घ्या. जन्म १९३४ चा, इंदूरचा. वडील रामूभैया दाते म्हणजे कुमार गंधर्वांपासून बेगम अख्तरांपर्यंत सगळ्यांचे रसिक मित्र. अरुण दात्यांचा कान घडला तो उर्दू गझलेवर आणि हिंदी मुलखात. शिक्षण कापड गिरणीच्या तंत्राचं, नोकरीही त्यातलीच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि सुधा मल्होत्रांची साथ मिळून आकाशवाणी मुंबईसाठी ‘शुक्रतारा’चं गाणं झालं. त्या एका गाण्यानं त्यांना आयुष्यभराची ओळख दिली, इतकी की पुढे कार्यक्रमाचं नावही तेच राहिलं. त्या आवाजात इंदूर आहे. गझल गाणाऱ्याचा तो सावकाशपणा पुण्यात तयार झाला नसता. मझौलीच्या पुतणीला कुणी सांगितलं की ‘तुझ्या मराठीला हिंदीचा वास येतो’, तर तिनं दात्यांचं गाणं लावावं.

आता जरा परदेशात जाऊ, कारण पुतणी सोल गाते. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरनं ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. लाखेऐवजी प्लॅस्टिकची, न फुटणारी, स्वस्त. सिंगल या शब्दाला आजचा अर्थ आला तो या तबकडीमुळे. १९५४ मध्ये रे चार्ल्स यांनी चर्चमधल्या भजनाच्या वळणावर प्रेमगीत म्हटलं आणि भाविक मंडळी चिडली. सोलची नाळ तिथे आहे. मग १९५९ मध्ये डेट्रॉइटच्या बेरी गॉर्डी यांनी घरच्या सामायिक निधीतून ८०० डॉलर उसने घेऊन कंपनी काढली, तीच मोटाउन. गॉर्डी आधी मोटारीच्या कारखान्यात काम करायचे. गाणंही त्यांनी तसंच तपासलं. दर शुक्रवारी (पुन्हा शुक्रवारच!) बैठक, सगळे मिळून नव्या गाण्यांवर मत देणार. खिशात एकच डॉलर आहे आणि भूक लागली आहे, तर ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच, असं विचारलं जायचं. गाणी ऐकायची ती मोटारीत असतो तशा लहान स्पीकरवर, कारण पोरं तिथेच ऐकणार. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे स्टुडिओतल्या लाखभराच्या स्पीकरवर ऐकून खूश होतात आणि ऐकणारा असतो मोबाईलवर, बसमध्ये.

भारतात मात्र ४५ची तबकडी नवोदितांच्या हाती फारशी लागली नाही. तिच्यावर सिनेमाची गाणी आली. सिनेमानं प्रत्येक गाण्याला फुकट जाहिरात दिली, चेहरा दिला, कथा दिली. त्याच्यापुढे सुटं गाणं कसं टिकणार? आणि मग कॅसेट आली. काकांची कॅसेट. कॅसेट स्वस्त होती, गावोगाव पोचली, तिनं लोकगीतांना आणि भीमगीतांना बाजार दिला, हे तिचे उपकार मोठे आहेत. पण तिच्या दोन बाजू भरायच्या असत. चांगली तीन गाणी असली तरी आठ करावी लागत. ‘गारवा’ हा १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेला सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांचा संग्रह आख्खा ऐकण्यासारखा, पण तशा कॅसेटी किती? घरातल्या जुन्या कॅसेटी काढा, ब बाजू किती वेळा वाजली ते फितीकडे पाहून कळेल.

इंटरनेटनं ब बाजू काढून टाकली. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, त्याआधीपासून गाना, सावन आणि अर्थातच यूट्यूब होतं. आता मझौलीतली मुलगी एका वितरक सेवेमार्फत गाणं चढवू शकते, त्याला एक आयएसआरसी क्रमांक मिळतो, भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली जाते आणि ते एकाच दिवशी सांगलीत, सिंगापुरात आणि न्यू जर्सीत उघडतं. ना हॅनोव्हरची बोट, ना कंपनीच्या साहेबाची मर्जी.

मर्यादा मात्र परत आलीच. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते मोजतात. म्हणून सुरावटीची लांबलचक प्रस्तावना गेली, मुखडा पहिल्या काही सेकंदांत यायला लागला, आणि गाणी पुन्हा तीन मिनिटांच्या आत आली. लाखेच्या तबकडीनं जे केलं तेच हिशेबाच्या नियमानं केलं. आणि २०२४ पासून आणखी एक नियम आहे : मागच्या बारा महिन्यांत एका गाण्याला १,००० श्रवणं मिळाली नाहीत, तर त्या गाण्याचे त्या सेवेवरचे पैसे शून्य. थोडे मिळणार असं नाही, शून्यच. वाचलेली रक्कम जास्त ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांत वाटली जाते. कंपनीचं म्हणणं की तशीही ती रक्कम इतकी किरकोळ असते की बँकेतच अडकून पडते. असेल. पण छोट्याच्या पदरातलं काढून मोठ्याच्या पदरात टाकण्याची ती रीत आहे, आणि मला ती पटत नाही. लाखेच्या वेळी म्हटलं होतं ना, विभागणी ध्यानात ठेवा?

म्हणून काकांना दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. त्याही इतिहासातूनच आलेल्या आहेत.

सुरुवातीच्या कित्येक तबकड्यांच्या लेबलावर गायकाचं नाव ठळक, पण कवीचं आणि चाल देणाऱ्याचं नाव नाही. गाणं गाजलं, पण कुणाचं ते पुसलं गेलं. आजही वितरकाच्या अर्जात गीतकार-संगीतकाराचे रकाने असतात आणि घाईत लोक तिथे गायकाचंच नाव टाकतात. तसं करू नका. भारतात गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानं सिनेमाच्या गाण्यांतला त्यांचा हक्क जवळजवळ निर्मात्याच्या खिशात गेला होता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मानधनाचा वाटा गीतकार-संगीतकाराला मिळालाच पाहिजे, तो कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही, असं ठरलं. पुतणीनं स्वतः शब्द लिहिले असतील तर तिनं सभासद व्हावं.

आणि दुसरं. पत्राच्या शेवटी काकांनी लिहिलंय की पुढचं सिंगल एखाद्या जुन्या मराठी कवितेचं करायचा विचार आहे, भा. रा. तांबे किंवा ना. घ. देशपांडे. निवड झकास आहे. तांबे तर मध्य भारताचेच, ग्वाल्हेर-देवासकडचे. पण दोघांत एक फरक आहे. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. तांबे १९४१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची कविता २००२ पासून मोकळी आहे, चाल नवी असेल तर कुणाला विचारायची गरज नाही. ना. घ. गेले २००० साली. जी. एन. जोशींची ती जुनी तबकडी मुद्रण म्हणून केव्हाच मोकळी झाली, पण ‘शीळ’चे शब्द २०६० अखेरपर्यंत वारसांच्या हक्कात आहेत. तेव्हा आधी परवानगीचं पत्र, मग स्टुडिओ. गाण्याच्या माहितीत कवीचं नाव पूर्ण लिहा : नागोराव घनश्याम देशपांडे, मेहकर.

पुढच्या भागात मुंबईच्या ‘यंग इंडिया’ या देशी रेकॉर्ड कंपनीबद्दल बोलू. नमस्कार.